लाल रेघ आणि खांबावरचा कॅमेरा: दोन्ही ‘लाइव्ह’, तरी एक नव्हेत

निघायच्या आधी आमच्या घरात हा संवाद ठरलेला.

“अरे, मॅपवर पुलाच्या अलीकडे लाल दाखवतंय.”

“असू दे गं. मी आत्ताच कॅमेरा बघितला, पूल रिकामा आहे.”

एकदा मी कॅमेऱ्याच्या भरवशावर निघालो. पूल खरंच रिकामा होता. पण पुलापर्यंत पोचायलाच पाऊण तास गेला. चढणीच्या तोंडाशी एक टेम्पो कलंडला होता आणि त्याच्या पलीकडे गाड्या सुटतच नव्हत्या. गाड्या सुटत नाहीत म्हणून पूल रिकामा, आणि कॅमेरा नेमका पुलावर. त्याने खोटं काहीच दाखवलं नव्हतं. मीच ‘रिकामा’चा अर्थ ‘मोकळा’ असा लावला होता.

‘लाइव्ह ट्रॅफिक’ हे एकच नाव आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना देतो, तिथेच घोटाळा सुरू होतो. एक म्हणजे मॅपवरच्या हिरव्या-नारिंगी-लाल रेघा. दुसरी म्हणजे रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणांनी खांबांवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं, जी बऱ्याच शहरांत कुणालाही मोबाइलवर बघता येतात. (नंबरप्लेटचा फोटो काढून दंड लावणारे कॅमेरे ही तिसरीच जात. त्यांचं चित्र आपल्याला बघायला मिळत नाही, फक्त दंडाचा मेसेज मिळतो.)

मॅपला डोळे नाहीत, इथून सुरुवात करू. “वरून उपग्रह बघतो ना” असं ठामपणे सांगणारे अजून भेटतात. उपग्रहाचा संबंध एवढाच, की त्याच्या सिग्नलवरून फोनला स्वतःची जागा कळते. लोकेशन चालू असलेल्या असंख्य फोनांकडून ती जागा निनावी स्वरूपात कंपनीकडे जमा होते. मघाशी इथे होता, आता तिथे आहे, म्हणजे वेग अमुक. रस्त्याच्या एका तुकड्यावरचे असे बरेच वेग एकत्र आले, की तिथे किती उशीर होतोय ते कळतं आणि रेघेला रंग चढतो. रस्त्यावर गाड्या किती आहेत, हे तो रंग सांगत नाही. गाड्यांनी ओसंडून वाहणारा पण भरभर पुढे सरकणारा रस्ता हिरवा असू शकतो.

सिमॉन वेकर्ट नावाच्या एका कलाकाराने बर्लिनमध्ये हे फार मजेशीर रीतीने दाखवून दिलं. त्याने एका छोट्या हातगाडीत ९९ जुने स्मार्टफोन भरले आणि ती गाडी ओढत तो रस्त्यावरून चालत गेला. मॅपच्या लेखी ९९ वाहनं पायी चालण्याच्या वेगाने चालली होती, त्यामुळे जवळपास रिकाम्या रस्त्यावर लाल रेघ उमटली. २०२० साली हा प्रयोग जगभर गाजला. त्या रस्त्यावर एक साधा कॅमेरा असता, तर बघणाऱ्याला हातगाडी ओढणारा माणूस दिसला असता आणि विषय तिथेच संपला असता.

रोजच्या प्रवासात हातगाडी कुणी ओढत नाही, पण मॅपच्या आंधळेपणाचे छोटे नमुने बरेच भेटतात. उड्डाणपूल आणि त्याच्याखालचा सर्व्हिस रोड घ्या. फोनच्या जीपीएसची चूक मोकळ्या आकाशाखालीसुद्धा सुमारे ५ मीटरची असते, उंच इमारतींच्या गर्दीत ती वाढते. वरून पाहिलं तर हे दोन्ही रस्ते एकावर एकच. खालची कोंडी वरच्या रस्त्याला चिकटते, किंवा उलट. तसंच वळणाऱ्या लेनचं. वळणाऱ्या गाड्यांची रांग लांबलचक साचलेली आणि सरळ जाणाऱ्या लेन मोकळ्या, असं असलं की मॅप सगळ्यांची सरासरी मारून एकच नारिंगी रेघ काढतो. तुम्हाला सरळ जायचं असेल तर त्या नारिंगीला काहीच अर्थ नाही. आणि रस्ता पूर्ण बंद केला असेल, तर त्यावर फोनच नाहीत. बंदची नोंद मॅपकडे पोचेपर्यंत तो रस्ता अगदी निष्पाप दिसतो. या तिन्ही ठिकाणी कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली तरी उलगडा होतो.

म्हणून कॅमेराच खरा, असं मात्र नाही. त्याचे घोटाळे जास्त फसवे, कारण डोळ्यांनी पाहिलेलं आपण तपासत नाही.

पहिला प्रश्न, ‘लाइव्ह’ म्हणजे किती लाइव्ह? अखंड व्हिडिओ सगळीकडे नसतो. लंडनच्या वाहतूक यंत्रणेचे कॅमेरे लोकांना काही सेकंदांची क्लिप देतात आणि ती दर काही मिनिटांनी बदलते. हाँगकाँगच्या वाहतूक विभागाची स्थिरचित्रं दर २ मिनिटांनी बदलतात. त्यामुळे चित्राच्या कोपऱ्यातली वेळ आधी वाचायची, रस्ता नंतर बघायचा. एकदा बाहेर कडकडीत ऊन असताना मला चित्रात ओला रस्ता आणि वायपर फिरवणाऱ्या गाड्या दिसल्या. वेळ बघितली तर चित्र आदल्या रात्रीचं, तिथेच अडकलेलं. वरातीमागून घोडे म्हणतात ते हे.

दुसरा फसवेपणा जरा सूक्ष्म आहे आणि मला तो कळायला वर्ष लागलं. गर्दीच्या चौकातल्या सिग्नलचं एक पूर्ण चक्र बहुधा दीड-दोन मिनिटांचं असतं. आता चित्रही दर २ मिनिटांनी बदलत असेल आणि सिग्नलचं चक्रही बरोबर २ मिनिटांचं असेल, तर प्रत्येक चित्र सिग्नलच्या त्याच क्षणी टिपलेलं येणार. तो क्षण लाल दिव्याचा असेल तर दर वेळी तुंबलेली रांग, हिरव्याचा असेल तर दर वेळी सुटलेल्या गाड्या. दहा मिनिटं बघत बसलात तरी चौक तुम्हाला एकच चेहरा दाखवणार. यावर माझा उपाय असा, की चित्रातली एक ओळखू येणारी गाडी पकडायची. रंगीत टपाची बस उत्तम. पुढच्या चित्रात ती बस गायब असेल, तर आधी दिसलेली रांग नुसती सिग्नलची होती. ती जागची हलली नसेल किंवा दोन गाड्यांएवढीच सरकली असेल, तर सिग्नल सुटूनही रांग सुटत नाहीये, म्हणजे खरी कोंडी.

तिसरं, लांबचं बघण्यासाठी झूम केलेल्या कॅमेऱ्यात अंतरं चेपली जातात. दोन गाड्यांमध्ये चांगलं ३० मीटर अंतर असलं तरी त्या एकमेकींना चिकटलेल्या वाटतात. ब्रेकचे लाल दिवे बघा. ते एकसारखे पेटलेले नसतील तर रस्ता वाहतोय. शिवाय यातले बरेच कॅमेरे फिरते असतात. नियंत्रण कक्षातला माणूस त्याच्या कामासाठी ते वळवतो, आपल्याला विचारून नव्हे. काल जी बाजू शहराकडे जाणारी होती ती आज परतीची असू शकते. चित्रातला एखादा पादचारी पूल किंवा मोठी कमान ओळखीची करून ठेवली, की फसायला होत नाही.

मग ठेवायचं काय आणि सोडायचं काय? मी दोघांना दोन वेगळे प्रश्न विचारतो. मॅपला विचारायचं, आत्ता किती उशीर होतोय. कॅमेऱ्याला विचारायचं, का होतोय. आणि खरं तर आपल्याला या दोन्हींपेक्षा तिसरंच उत्तर हवं असतं: मी तिथे पोचेन तेव्हा काय असेल? ते उत्तर ‘का’मधून निघतं, म्हणून कॅमेऱ्याला किंमत.

थोडं गणित करू. कोंडीच्या तोंडातून एका लेनमधून साधारण दर २ सेकंदांना एक गाडी निघते, म्हणजे तासाला १,८००. समजा दोन लेनचा रस्ता आहे आणि सकाळच्या गर्दीत तासाला ३,००० गाड्या येतायत. एक ट्रक बंद पडला आणि १० मिनिटं एक लेन अडली. उरलेली लेन तासाला १,८०० गाड्या सोडते, बाकी १,२०० मागे साचतात. १० मिनिटांत २०० गाड्या तुंबल्या. आता क्रेनने ट्रक उचलला. दोन्ही लेन मिळून तासाला ३,६०० गाड्या सुटतात, पण मागून ३,००० येतच आहेत, म्हणजे साचलेल्यातल्या तासाला ६०० च कमी होतात. २०० गाड्यांचा निचरा व्हायला २० मिनिटं. दहा मिनिटांच्या अडथळ्याने अर्धा तास खाल्ला.

या वेळात दोन ‘लाइव्ह’ काय दाखवतात ते बघा. ट्रक उचलला त्या क्षणी कॅमेऱ्यातली जागा लख्ख मोकळी. पण २०० गाड्या दोन लेनमध्ये, एका गाडीला ७ मीटर धरले, तर ७०० मीटर मागे पसरलेल्या आहेत आणि ते शेपूट चौकटीत मावतच नाही. मॅपवर मात्र मागचा सगळा पट्टा लालच. आत्ता निघून ५ मिनिटांत तिथे पोचणाऱ्याने मॅपचं ऐकावं. अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्याने कॅमेऱ्यात क्रेन बघितली असेल तर निश्चिंत निघावं, मॅप कितीही लाल असो. एकच लाल रेघ, पण एकाला ती थांब म्हणतेय आणि दुसऱ्याला तिचा काही संबंधच नाही.

उलट कॅमेऱ्यात रस्ता खणलेला आणि बॅरिकेड लावलेले दिसले, तर तासभराने निघूनही उपयोग नाही. वाट बदलायची. पाणी साचलेलं दिसलं तर मी सरळ बेत रद्द करतो.

कधी कधी कॅमेऱ्यात ‘का’ सापडतच नाही. ना अपघात, ना काम, तरी गाड्या थांबत-चालत सरकतायत. इथे कुणीतरी काही लपवतंय असं नाही. जपानमधल्या संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना अडथळा. थोड्याच वेळात आपोआप कोंडी तयार झाली आणि ती गाड्यांच्या उलट दिशेने, ताशी साधारण २० किलोमीटरने मागे सरकत गेली. २००८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. कुणीतरी जरासा ब्रेक मारतो, मागचा त्याहून जास्त, त्याच्या मागचा थांबतोच. अशी लाट कॅमेऱ्यासमोरून निघून गेली, की चित्र एकदम स्वच्छ होतं आणि एक किलोमीटर मागे भलताच कुणी ब्रेकवर पाय देऊन बसलेला असतो. या जातीच्या कोंडीसाठी कॅमेरा बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे मॅपच बरा.

मॅपच्या बाजूने आणखी एक गोष्ट. पोचायला किती वेळ लागेल हे तो नुसत्या आत्ताच्या वेगावरून सांगत नाही. त्या वारी, त्या वेळी एरवी काय होतं याचा जुना हिशेब तो त्यात मिसळतो. ९७ टक्क्यांहून जास्त फेऱ्यांत आपला अंदाज बरोबर निघतो, असा गूगलचा २०२० मधला दावा आहे. रोजच्या रटाळ गर्दीसाठी मला तो पटतो. पण आज पहिल्यांदाच जे घडतंय, त्याचा जुना हिशेब कुठून असणार? लोकांनी कळवलेल्या अपघाताची खूण मॅपवर येते खरी, पण क्रेन पोचली का, एक लेन सुटली का, हे त्या खुणेत नसतं.

माझ्या वाटेवर दिसणारे आठ-नऊ कॅमेरे आहेत. सुरुवातीला मी सगळे उघडून बघायचो आणि त्यातच निघायला उशीर व्हायचा. आता दोनच ठेवलेत. जिथून मला दुसरी वाट धरता येते त्या फाट्याच्या थोडा पुढचा एक आणि पुलाच्या चढणीआधीचा एक. फाटा ओलांडल्यावर पुढचं काहीही दिसलं तरी मी करू काय शकणार? आधी मॅप उघडतो. हिरवा असेल तर कॅमेरा बघतच नाही. लाल असेल तर हे दोन, आणि प्रत्येकाची दोन-तीन चित्रं बदलेपर्यंत थांबतो. रात्री किंवा जोराच्या पावसात काचेवर थेंब आणि समोरच्या दिव्यांचा झगमगाट एवढंच दिसतं. तेव्हा तेही नाही.

गाडी सुरू झाली की फोन बायकोच्या हातात. फाट्याच्या अलीकडे ती एकदाच बघून सांगते, “ट्रक अजून तिथेच आहे, खालून घे.”