म्योडलारॉइट

म्योडलारॉइट : जर्मनीतील बव्हेरिया आणि थुरिंजिया या राज्यांच्या सीमेवरील शेतकऱ्यांचे खेडे. लोकसंख्या सुमारे ५०. गावाच्या मधोमध टानबाख हा सहज ओलांडता येईल एवढा लहान ओढा वाहतो, आणि या ओढ्यामुळेच गाव इतिहासात गेले.

१८१० पासून टानबाख ही बव्हेरियाचे राज्य आणि रॉइस संस्थान यांची हद्द होती. तेव्हाचे हद्दीचे दगड आजही ओढ्याकाठी आहेत. गावकऱ्यांच्या रोजच्या व्यवहारात मात्र ही हद्द आड आली नाही. शाळा आणि खानावळ थुरिंजियाच्या बाजूला, तर चर्च बव्हेरियातील शेजारच्या ट्योपेन गावात. दोन्ही काठांची माणसे दोन्हीकडे जात. शेते आणि सोयरिकीही ओढ्याच्या आरपार होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच रेषा सोव्हिएत (थुरिंजियाची बाजू) आणि अमेरिकन (बव्हेरियाची बाजू) सैन्यांच्या ताब्यातील विभागांची सीमा ठरली व १९४९ मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी या दोन राष्ट्रांची. तरीही काही काळ परवाना घेऊन पलीकडे जाता येई. २६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मनीने सीमाबंदीचा आदेश काढला आणि ती वाट बुजली. सीमेलगत १० मीटरचा नांगरलेला पट्टा, ५०० मीटरचा संरक्षित पट्टा आणि ५ किलोमीटरचे निर्बंधित क्षेत्र आखण्यात आले. सरकारला ज्यांचा भरवसा वाटत नव्हता, अशा सीमाभागातील कुटुंबांना घरेदारे सोडायला लावून दूर हलवले. गावाच्या पिठाच्या गिरणीचा मालक ही वेळ येताच खिडकीतून ओढ्यापलीकडे निसटला. पुढे ती गिरणी पाडण्यात आली.

आधी लाकडी कुंपण, मग काटेरी तार आणि १९६६ मध्ये सुमारे ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच काँक्रीटची भिंत, असा हा बंदोबस्त वाढत गेला. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले. बर्लिन हे महानगर होते. इथे मात्र भिंतीपलीकडचा प्रत्येक माणूस नावानिशी ओळखीचा, बऱ्याचदा नात्यातला होता. पूर्वेकडच्यांना पलीकडे हात हलवून साधा नमस्कार करण्याचीही मनाई होती. या बंदोबस्तातील सर्वांत निर्दय कलम हेच म्हणावे लागेल. पश्चिमेकडे याउलट पाहुण्यांची रीघ लागे. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश येथे येऊन गेले. भिंत ओलांडून पळण्यात यश आले ते एकदाच, मे १९७३ मध्ये, शिडीच्या साहाय्याने.

बर्लिनची भिंत खुली झाल्यावरही म्योडलारॉइटला महिनाभर थांबावे लागले. ९ डिसेंबर १९८९ रोजी येथे पायी जाण्यापुरती वाट उघडली. १७ जून १९९० रोजी यंत्राने भिंत पाडण्यात आली. सुमारे १०० मीटरचा भाग मुद्दाम राखला असून त्याभोवती जर्मन फाळणीचे खुले संग्रहालय उभे आहे. टेहळणी मनोरा आणि तारेचे कुंपणही तेथे पाहता येते.

प्रशासनाच्या दृष्टीने गाव आजही दुभंगलेलेच आहे. एक भाग ट्योपेन पालिकेत, दुसरा थुरिंजियातील गेफेल शहराच्या हद्दीत येतो. त्यामुळे महापौर दोन, पिनकोड दोन, दूरध्वनीचे संकेतांक दोन आणि वाहनांच्या पाट्यांवरील अक्षरेही वेगळी. १९४५ पूर्वीही गाव दोन सत्तांखाली असेच नांदत होते.