क्रेडिट अवर

क्रेडिट अवर म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-युनिव्हर्सिट्यांमध्ये अभ्यास मोजायचं एकक. हिशोब साधा आहे. साधारण 15 आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये दर आठवड्याला एक तास वर्गात बसायचं आणि वर किमान दोन तास स्वतःचा अभ्यास करायचा, की झालं एक क्रेडिट. हा वर्गातला तास बहुतेक ठिकाणी 50 मिनिटांचाच असतो. नेहमीचा कोर्स 3 क्रेडिटचा, बॅचलर डिग्रीला 120 क्रेडिट लागतात, आणि जिथे सेमिस्टरऐवजी क्वार्टर, म्हणजे त्याहून छोटी सत्रं चालतात तिथे 180. लॅबचं गणित वेगळं असतं, तिथे एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन-तीन तास द्यावे लागतात.

हे ऐकून वाटतं की ही ऑफिसातल्या क्लार्कने बघायची गोष्ट आहे, पण तसं नाहीये. फी किती, सरकारी मदत मिळणार का, प्राध्यापकाने किती शिकवायचं, डिग्री कधी हातात पडणार, हे सगळं याच एका आकड्यावर ठरतं. आणि हा आकडा शिकणं मोजायला म्हणून कोणी शोधून काढलेलाच नव्हता.

झालं असं की जुन्या काळी अमेरिकन कॉलेजात सगळ्यांना एकच ठरलेला अभ्यासक्रम असायचा, मग मोजायची गरजच काय. चार्ल्स एलियट 1869 ला हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची 40 वर्षं त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत लावून धरली. आता प्रत्येक विद्यार्थी वेगळे विषय घ्यायला लागला, मग कोणाचं किती झालं हे सांगायला काहीतरी माप लागणारच. दुसरीकडे हायस्कूलं भराभर वाढत होती आणि तिथून आलेला मुलगा नेमकं काय शिकून आलाय हे कॉलेजला कळत नव्हतं.

खरी कलाटणी मात्र पेन्शनने दिली. 1905 मध्ये पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या प्राध्यापकांना म्हातारपणी पेन्शन मिळावी म्हणून 1 कोटी डॉलर दिले, त्यातून कार्नेगी फाउंडेशन उभं राहिलं आणि एमआयटीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट त्याचे पहिले प्रमुख झाले. आता पैसे द्यायचे तर कॉलेज म्हणायचं कोणाला हे आधी ठरवायला हवं, कारण तेव्हा हायस्कूलच्या दर्जाच्या संस्थासुद्धा स्वतःला कॉलेज म्हणवून घ्यायच्या. म्हणून फाउंडेशनने अट घातली की प्रवेशासाठी हायस्कूलचे किमान 14 युनिट मागितले पाहिजेत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण 120 तास. यालाच पुढे कार्नेगी युनिट नाव पडलं. धार्मिक पंथाच्या ताब्यातल्या कॉलेजांना पेन्शन नव्हती, त्यामुळे काही कॉलेजांनी चक्क आपल्या पंथाशी असलेलं नातं तोडलं, यावरून त्या पैशाची ओढ किती होती ते समजतं. काही वर्षांतच युनिट देशभर पसरलं आणि कॉलेजांनी आपले कोर्सही आठवड्याच्या तासांत मोजायला घेतले.

1910 मध्ये याच फाउंडेशनसाठी मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरने कॉलेजांच्या कारभाराचा अभ्यास केला. कारखान्यात कामाचा हिशोब जसा ठेवतात तसा इथेही ठेवता यावा म्हणून त्याने एका विद्यार्थ्यामागे एक तास हे माप सुचवलं, म्हणजे कुठल्या विषयाला किती खर्च येतो याची तुलना करता येईल. असं करत करत प्रवेशासाठी आणलेला तासांचा हिशोब बजेटमध्ये आणि प्राध्यापकांच्या कामात घुसला. फुकट पेन्शनची योजना पुढे परवडेना, 1918 मध्ये टीआयएए ही वर्गणीवर चालणारी संस्था काढावी लागली. म्हणजे ज्या कारणासाठी तास मोजायला घेतले ते कारण संपलं तरी तास राहिले.

1965 च्या हायर एज्युकेशन कायद्यानंतर केंद्र सरकारचा पैसा मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांना मिळायला लागला आणि तो वाटायलाही क्रेडिटच धरले गेले. गंमत म्हणजे क्रेडिट अवरची सरकारी व्याख्या मात्र फार उशिरा आली, ती 2010 मध्ये जाहीर झाली आणि 1 जुलै 2011 पासून लागू झाली. काही संस्था थोडंसं शिकवून भरपूर क्रेडिट वाटतात आणि त्यावर सरकारी मदत उचलतात, अशी शंका होती. व्याख्येत जुनाच एक अधिक दोन तासांचा हिशोब आहे, पण तेवढ्याच कामाचा पुरावा असेल तर दुसरी पद्धतही चालते. ही बाजू महत्त्वाची आहे. मापच नसेल तर विद्यार्थ्याचे पैसे आणि वर्षं दोन्ही बुडवणाऱ्याला पकडणार कसं?

आता विद्यार्थ्याला हे कुठे टोचतं ते बघू. सरकारी मदतीसाठी सेमिस्टरला 12 क्रेडिट घेतले की तुम्ही फुल-टाइम. पण 12 गुणिले 8 सेमिस्टर केले तर होतात 96, डिग्रीला लागतात 120. म्हणजे फुल-टाइम शिकूनसुद्धा चार वर्षांत डिग्री होत नाही, त्यासाठी 15 घ्यावे लागतात, आणि घरात पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजला गेलंय अशा मुलाला हे वेळेवर सांगणारं कोणी नसतं, त्याला वाटतं आपण सगळं नियमाने करतोय.

कॉलेज बदलताना तर याहून वाईट. क्रेडिट सगळीकडे एकसारखं दिसतं, पण ते मान्य करायचं की नाही हे नवीन कॉलेज ठरवतं, आणि कधी मान्य केलं तरी ऐच्छिक म्हणून कुठेतरी टाकतात, मुख्य विषयात धरतच नाहीत. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2017 मध्ये अंदाज दिला की 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी 43 टक्के क्रेडिट वाया गेले. ज्या मापाचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते कुठेही चालतं असं सांगतात, त्याची ही अवस्था आहे आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते.

मूळ आक्षेप तर आणखी साधा आहे. तास बसल्याने शिकलं असं होत नाही. आधीपासून येणारा विषयही सेमिस्टरभर बसून काढावा लागतो, आणि ज्याला जास्त वेळ हवा त्याला तो मिळत नाही. म्हणून कौशल्य दाखवा आणि पुढे जा अशी पद्धत आली. 1997 मध्ये सुरू झालेली वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी त्याचं मोठं उदाहरण, पण मदतीच्या नियमांसाठी तिथली एककंही शेवटी क्रेडिटशी जुळवलेली आहेत. 2013 मध्ये सदर्न न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीच्या एका उपक्रमाला तास न मोजता थेट मूल्यमापनावर सरकारी मदत मंजूर झाली.

युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिटची वेगळी पद्धत चालते. तिथे वर्षाला 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटला विद्यार्थ्याची एकूण 25 ते 30 तासांची मेहनत धरतात, वर्गातले तास वेगळे मोजत नाहीत.

2015 मध्ये कार्नेगी फाउंडेशनने स्वतःच्याच युनिटचा आढावा घेतला आणि दोष मान्य करूनही सांगितलं की त्याची जागा घेईल असं दुसरं माप अजून तयार नाही. 2023 पासून मात्र तेच फाउंडेशन ईटीएस या परीक्षा संस्थेबरोबर कौशल्यं मोजायची नवीन साधनं तयार करायच्या कामाला लागलंय.