हवा मास्कमधून सुटते की तोंडातून? सीपॅप वापरणाऱ्यांसाठी दोन गळतींचा फरक

स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबण्याच्या विकारासाठी, सीपॅप म्हणजे मास्कवाटे दाबाने हवा देणारे मशीन वापरणाऱ्या माणसाला सकाळी पडद्यावर गळतीचा आकडा वाढलेला दिसला, की त्याचा हात आधी मास्कच्या पट्ट्याकडे जातो. पट्टा आणखी थोडा ओढला जातो, नाकाच्या दांडीवर लाल वळ उठतो आणि दुसऱ्या दिवशी आकडा तेवढाच राहतो किंवा वाढलेला असतो. याचे कारण असे, की त्या एका आकड्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मास्कचे कुशन आणि त्वचा यांच्यामधल्या फटीतून सुटणारी हवा ही एक गोष्ट आणि नाकावाटे आत गेलेली हवा झोपेत उघड्या पडलेल्या तोंडातून बाहेर येणे ही दुसरी. एकीवर चालणारा उपाय दुसरीवर चालत नाही, बऱ्याचदा तो तिला वाढवतोच. म्हणून पट्ट्याला हात लावण्यापूर्वी हवा नेमकी कुठून जाते आहे हे शोधणे, हेच या सगळ्यातले खरे काम आहे असे माझे ठाम मत आहे.

या दोन्हींच्या आधी आणखी एक हवा बाजूला काढली पाहिजे, कारण नवा रुग्ण तिलाच गळती समजून घाबरतो. प्रत्येक मास्कला किंवा त्याला नळी जोडणाऱ्या कोपराला बारीक छिद्रांची जाळी असते आणि तिच्यातून हवा सतत बाहेर पडत राहते. आपण सोडलेला श्वास, म्हणजे त्यातला कार्बन डायऑक्साइड, बाहेर जावा म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. कुकरच्या शिट्टीतून वाफ जाणे आणि रिंगेच्या कडेने वाफ जाणे यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे. दाबानुसार या छिद्रांतून मिनिटाला साधारण 20 ते 50 लिटर हवा जाते. ती छिद्रे बोटाने, टेपने किंवा पांघरुणाने कधीही बंद करू नयेत. काही मशीन ही ठरलेली हवा वजा करून फक्त उरलेली गळती दाखवतात, तर काही एकूण हवा दाखवतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या मशीनवरचा आकडा आपल्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. रेसमेड या कंपनीची मशीन पहिल्या प्रकारची आहेत आणि त्यांच्यासाठी मिनिटाला 24 लिटर ही मर्यादा धरली जाते. अहवालात 95 टक्क्यांचा म्हणून जो आकडा येतो, त्याचा अर्थ इतकाच, की रात्रीच्या 95 टक्के वेळात गळती त्याहून कमी होती. ती कुठून झाली, हे तो आकडा सांगत नाही.

गळती फार वाढली की केवळ आवाजाचा त्रास होत नाही, घशात पोचणारा दाबच कमी पडू लागतो. सीपॅपचे सगळे काम त्या दाबावर चालते. झोपेत मिटू पाहणारा घशाचा मार्ग हवेच्या दाबाने उघडा ठेवायचा, हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडले आणि तेव्हापासून उपचाराचा गाभा तोच राहिला आहे. आपोआप दाब बदलणाऱ्या मशीनचा अंदाजही मोठ्या गळतीत चुकतो आणि उपचारानंतरही राहिलेल्या श्वासखंडांची, म्हणजे श्वास थांबण्याच्या प्रसंगांची, मोजणी विश्वासार्ह राहत नाही.

आता मास्कची गळती. आजच्या बहुतेक सिलिकॉन कुशनना दुहेरी कड असते. आतली पातळ कड हवेच्या दाबाने फुगते आणि चेहऱ्याच्या उंचसखलपणाला स्वतःहून चिकटते. पट्टा फार आवळला तर ही कड दबून चपटी होते, तिला फुगायला जागाच उरत नाही आणि चुणी पडलेल्या ठिकाणाहून हवा सुटू लागते. पट्टा ओढल्याने गळती का वाढते, याचे उत्तर इथे आहे. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दुकानात हे मी अगदी जवळून पाहिले. खुर्चीत ताठ बसून मास्क लावलेल्या एका वयस्क गृहस्थांना तो उत्तम बसला होता. तंत्रज्ञ मुलाने त्यांना तपासणीच्या बाकावर उताणे झोपवले आणि मशीन रात्रीच्या दाबावर चालू केले. झोपल्याबरोबर गालांचे मांस कानांकडे सरकले आणि नाकाच्या दांडीजवळून डोळ्याच्या कोपऱ्याकडे हवेची सुरसुर ऐकू येऊ लागली. त्यांचा हात पट्ट्याकडे गेला, तसा तो मुलगा म्हणाला, “काकाजी, पट्टा ओढू नका. आधी मास्क चेहऱ्यापासून थोडा उचला, कुशनमध्ये हवा भरू द्या, मग हळूच टेकवा.” त्याने चारही पट्टे सैल केले, मास्क उचलून पुन्हा ठेवला आणि दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे जुळवले. पट्ट्याखाली बोट सहज जात होते, तरी आवाज थांबला होता.

या प्रसंगातून ध्यानात घ्यायची गोष्ट म्हणजे मास्क नेहमी झोपून आणि रात्रीच्याच दाबावर जुळवावा. अनेक मशीनमध्ये सुरुवातीला दाब कमी ठेवण्याची सोय असते. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. 4 सेंटीमीटरवर बिनआवाज बसलेला मास्क मध्यरात्री 12 सेंटीमीटरला फुरफुरू लागतो आणि माणसाला वाटते की झोपेत काहीतरी सरकले. मशीनवर मास्क तपासण्याची सोय असेल तर ती यासाठीच वापरावी. त्यानंतर कुशीवर वळून, नेहमीच्याच उशीवर डोके टेकवून पुन्हा पाहावे, कारण कुशीवर झोपल्यावर उशीची कड मास्कच्या चौकटीला बाजूला ढकलते. एवढे करूनही आवाज येत असेल तर बहुधा कुशनचा आकार चुकीचा असतो. मोठा मास्क आरामदायक असेल या समजुतीने एक माप वरचे घेतलेल्यांचे प्रमाण मला फार वाटते. आकार चेहऱ्यावर मापपट्टी लावून, शक्य झाल्यास दोन माप प्रत्यक्ष लावून ठरवावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात या गळतीला आणखी एक कारण मिळते. एप्रिल-मे महिन्यांत घाम आणि त्वचेचे तेल कुशनखाली साचते आणि मास्क रात्रभर निसटत राहतो. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवून कोरडा करावा, कुशन रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवावे आणि डोक्याला तेल लावायचेच असेल तर ते सकाळी लावावे, कारण तेलाने पट्टे घसरतात आणि त्यांचा ताणही लवकर जातो. मिशा जाड असतील तर नाकावर बसणाऱ्या मास्कची खालची कड मिशांवर टेकते आणि तिथून हवा जाते. अशा वेळी नाकपुड्यांत टेकणाऱ्या लहान उशांचा मास्क अधिक सोयीचा ठरतो. आणि एक व्यावहारिक सूचना: गळती तपासताना कूलर बंद करावा. कूलरच्या झोतात गालावर आलेली हवा मास्कची की कूलरची, हे हाताला कळत नाही.

तोंडाची गळती या सगळ्याहून निराळी आहे, कारण तिच्यात मास्क बिनचूक बसलेला असतो. ती नाकाच्या मास्कवर किंवा नाकपुड्यांच्या मास्कवर होते. नाकातून दाबाची हवा आली की टाळूचा मागचा मऊ भाग पुढे ढकलला जाऊन जिभेला टेकतो आणि तोंडाची वाट बंद होते, म्हणून बहुसंख्य लोकांची हवा तोंड किंचित उघडे असले तरी बाहेर पडत नाही. पण गाढ झोपेत जबडा खाली पडला, जीभ सैल झाली किंवा नाक चोंदले, की ही नैसर्गिक झडप सुटते. मग हवा नाकातून आत येते आणि तोंडातून थेट बाहेर जाते. ओठांची फुरफुर होते, गाल मधूनमधून फुगतात आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. अशा माणसाने पट्टा कितीही आवळला तरी ओठांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. नाकावर दाब येतो, त्वचा दुखावते आणि चांगला बसलेला मास्कही बिघडतो.

दोन्हींमधला फरक ओळखायला जागेपणीची परीक्षा सर्वांत उपयोगी आहे. मशीन रात्रीच्या दाबावर चालू करून उताणे पडावे, ओठ मिटून दहा मिनिटे शांत राहावे आणि मास्कच्या कडेभोवती ओला हात फिरवावा. इथेच हवा लागली तर दोष मास्कचा आहे. हवा लागली नाही, कुशीवर वळल्यावरही लागली नाही आणि तरी रात्रीचा आकडा चढाच असेल, तर संशय तोंडावर घ्यावा, कारण जागेपणी आपण ओठ मिटून ठेवतो आणि झोपेत ते आपल्या हाती राहत नाही. एकदा मुद्दाम तोंड उघडून पाहावे. घशातून तोंडाकडे जी जोरदार हवा धावते, तिचा आवाज घरच्यांनीही ऐकून ठेवावा, म्हणजे मध्यरात्री ओठांजवळ हात धरला की ती लगेच ओळखू येते. डोळे लाल होणे आणि कोरडे पडणे हे मास्कच्या वरच्या कडेच्या गळतीचे लक्षण आहे, तर तोंड कोरडे पडणे हे तोंडाच्या गळतीचे. मात्र दुसऱ्या लक्षणावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. काही औषधांनीही तोंड कोरडे पडते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याच्या कोरड्या रात्री मशीनशिवायही ते करतात.

तोंडाच्या गळतीवर पहिला उपाय नाकावर करायचा असतो, हे अनेकांना उलटे वाटते. हवा नाकातून एकाच दिशेने वाहत राहिली की नाकाची आतली त्वचा थंड आणि कोरडी पडते, सुजते आणि नाक आणखी चोंदते. नाक चोंदले की तोंड आणखी उघडते. हे चक्र हवा ओलसर करणाऱ्या गरम पाण्याच्या ह्युमिडिफायरने तुटते, म्हणून त्याची पातळी एकेक पायरीने वाढवून पाहावी. पाणी डिस्टिल्ड वापरावे. नाकाची ॲलर्जी किंवा वाकडा पडदा असेल तर तो आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्रींत ह्युमिडिफायर वाढवला की नळीत पाणी साचून गुडगुड होते आणि तेच पाणी मास्कमध्ये येऊन नवी गळती सुरू करते. तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्यावी, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवावे किंवा तापणारी नळी वापरावी. हनुवटीचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, पण तो जबडा वर धरतो, ओठ शिवत नाही, त्यामुळे त्याच्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही. तोंडावर चिकटपट्टी लावण्याचे सल्ले सर्रास दिले जातात. नाक बंद होण्याची किंवा रात्री उलटी होण्याची शक्यता असलेल्या माणसासाठी ते धोक्याचे आहे आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते कोणीही करू नये.

एवढे करूनही तोंड उघडेच राहिले तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क घ्यावा लागतो. तो घेताना एक गोष्ट माहीत असावी. मोठ्या मास्कमध्ये तोंडातही तेवढाच दाब असतो, त्यामुळे टाळू पुढे ढकलण्याची ती नैसर्गिक झडप काम करत नाही आणि त्याच माणसाला कधी अधिक दाब लागतो. त्याचे खालचे पट्टे फार आवळले तर जबडा मागे ढकलला जाऊन घशाची जागा उलट आकुंचित होते. म्हणून नाकाचा मास्क जमत असेल तोवर तोच वापरावा, असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात आणि ते मला पटते. चुंबकाच्या कड्या असलेला मास्क असेल आणि स्वतःला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, तर दुकानदाराला ते आधीच सांगावे, कारण चुंबक पेसमेकरपासून किमान 15 सेंटीमीटर दूर राहावे लागते.

मोठ्या मास्कमध्ये या दोन गळती एकमेकींत मिसळतात आणि ओळखण्याचे काम अवघड होते. तोंड मास्कच्या आत असल्याने तोंडाची हवा गळती म्हणून मोजली जात नाही, पण जबडा खाली पडला की हनुवटीची कड मास्कखालून सुटते आणि तिथून हवा जाते. म्हणजे कारण तोंडाचे आणि गळती मास्कची. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण कवळी काढल्यावर गाल आणि ओठ आत जातात. मास्क दुपारी कवळी घालून जुळवला असेल तर रात्रीचा चेहराच वेगळा असतो. ज्या अवस्थेत झोपायचे त्याच अवस्थेत मास्क जुळवावा आणि कवळी घालून झोपण्याचा विचार असेल तर दंतवैद्यांना विचारून घ्यावे.

वजन बरेच कमी-जास्त झाले, कुशन जुने होऊन मऊ पडले किंवा दाब वाढवल्यानंतर अचानक गळती सुरू झाली, तर घरगुती जुळवाजुळव थांबवून झोपेच्या तज्ज्ञांकडे जावे. दाब आपल्या मनाने बदलू नये. जाताना मशीनचे कार्ड किंवा मोबाइलवरचा अहवाल आणि मास्क तर न्यावाच, पण ज्या उशीवर झोपतो ती उशीही न्यावी. रामदासपेठेतल्या दवाखान्यात काखेत उशी घेऊन शिरायला संकोच वाटेल, पण कुशीवर वळल्यावर मास्क कुठे सरकतो हे डॉक्टरांना त्या उशीवरच दिसणार असते.