रेघेची खोली आणि चौकाचं अंतर

नेदरलँड्समधल्या लायडेन शहरातल्या लुकासनं १५१० साली तांब्यावर कोरून छापलेल्या एका चित्रात येशूला आधी शोधावं लागतं. रोमन सुभेदार पिलात काटेरी मुकुट घातलेल्या येशूला लोकांपुढे आणतो, तो योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग. पण पुढची जागा जमावानं बळकावलीय. येशू मागे, शहराच्या चौकातल्या उंच ओट्यावर, इवलासा. मला ही धिटाई फार आवडते.

शाई एकच, काळी. मग चौकाला खोली आली कुठून? तांब्याच्या पत्र्यातून. कोरक्या गुळगुळीत पत्र्यावर बुरिन हे टोकदार पोलादी हत्यार पुढे रेटत जातो आणि तांब्याची बारीक तार सोलून निघते. मागे उरते इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची चर. जोर वाढवला की चर खोल आणि रुंदही होते. मग पत्र्याला जवसाचं तेल आणि काजळी यांची घट्ट शाई चोळायची आणि वरची पुसून काढायची. चरांमधली तेवढी राहते. ओलसर कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून काढला, की दाबानं कागद चरांत शिरतो आणि शाई उचलतो. खोल चरीत शाई जास्त, म्हणून रेघ काळीभोर. उथळ चरीची रेघ फिकी. (चित्र उलटं उमटतं, डावीकडचं उजवीकडे, हे कोरतानाच ध्यानात धरावं लागतं.)

दूरचं दृश्य फिकं दिसतं, कारण मधली हवा प्रकाश विखुरते आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांत येतो. त्यामुळे लांबच्या सावल्याही पुरत्या काळ्या दिसत नाहीत. घाटमाथ्यावरून पाहिलं की पलीकडची प्रत्येक डोंगररांग आधीचीपेक्षा पुसट असते, तसंच. लुकासनं हे हवेचं काम मनगटाच्या जोरावर सोपवलं, मागच्या रेघा हलक्या ठेवल्या. दूरच्या वस्तू अशा विरत नेण्याच्या त्याच्या हातोटीचं इटलीतल्या व्हासारी या चित्रकार आणि कलावंतांच्या चरित्रकारानंही कौतुक केलं.

या नजाकतीची किंमत मात्र होती. तांबं मऊ धातू. दर छाप्याला तेच पुसणं, तोच दाब, आणि उथळ चरी आधी झिजतात. म्हणून लुकासच्या चित्रांचे उत्तम छापे दुर्मीळ आहेत.

लायडेनलाच जन्मलेल्या रेम्ब्राँ या चित्रकाराच्या संग्रहात लुकासची चित्रं होती. १६५५ साली त्यानं हाच प्रसंग सुईनं तांब्यावर ओरखडला. असा पत्रा तर फारच लवकर झिजतो. काही छाप्यांनंतर त्यानं पत्र्यावरचा पुढचा अख्खा जमाव घासून नाहीसा केला.