शिक्कुई: जपानी गवंडी थापीने चित्रं काढतात ती कशी टिकतात?

जपानमधल्या पारंपरिक चुन्याच्या गिलाव्याला शिक्कुई म्हणतात, आणि त्यात काय काय असतं ते ऐकून आपल्याकडचा गवंडी आधी भुवया उंचावेल. विझवलेला चुना, भांगेच्या झाडाचे बारीक कापलेले तंतू आणि फुनोरी किंवा त्सुनोमाता नावाचं समुद्री शेवाळ उकळून, गाळून केलेली खळ. शेवटच्या थरात वाळू जवळजवळ नसतेच, सिमेंटचा तर प्रश्नच नाही.

आता यातली केमिस्ट्री बघा, सोपी आहे. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, त्यावर पाणी टाकलं की तो फसफसून विझतो, आणि हा विझलेला चुना भिंतीवर गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेत हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. हिशोब करायचा तर ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो आणि १०० ग्रॅम दगड होऊन बसतो. (यावरून हल्ली 'कार्बन खाणारी भिंत' वगैरे जाहिराती करतात, पण भट्टीत जेवढा बाहेर सोडला तेवढाच ती परत घेणार ना, वर भट्टीच्या जळणाचा धूर वेगळाच.)

गोची अशी की या सगळ्याला ओलावा लागतो. वायू आधी पाण्यात विरघळतो मग चुन्याशी जुळतो, त्यामुळे पाणी फार पटकन उडून गेलं तर चुना नुसता सुकतो, भुगा होतो, तडे जातात. शेवाळाच्या खळीचं काम इथे आहे, ती पाणी धरून ठेवते आणि माल थापीखाली गुळगुळीत सरकतो. आधी यासाठी तांदळाची पेज वापरायचे, पण तांदूळ पडला महाग आणि वर खायचा, शेवाळ स्वस्त, म्हणून किल्ले बांधायचा सपाटा सुरू झाला त्या काळात हीच खळ चालली. १६०९ मध्ये पूर्ण झालेला हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला शिक्कुईचाच. तंतूंचं काम वेगळं, वाळताना गिलावा आकसतो तेव्हा ते त्याला धरून ठेवतात. आपल्या वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यातही भांगेचे तंतू सापडलेत, २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध आला होता. म्हणजे ही युक्ती काही एकट्या जपानची नाही.

शिक्कुईच्या खाली असतो कूड. कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, बांबूच्या कामट्या दोरीने बांधायच्या आणि त्यावर पेंढा घालून कुजवलेल्या मातीचे थर. गोदामाच्या भिंती तर असे थर देत देत फूटभर जाड करायचे, कारण आग. १६५७ च्या आगीत एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो, बरंचसं जळून गेलं, लाकडी घरं ती. माती आणि चुना जळत नाहीत आणि जाड भिंतीतून उष्णता आत पोचायला खूप वेळ लागतो. आग लागली की दाराच्या फटी ओल्या मातीने लिंपून टाकायच्या, आत हवा जायला नको म्हणून, आणि त्यासाठी माती तयार ठेवलेली असायची.

याच गोदामांवर पुढे कोते-ए आलं, कोते म्हणजे थापी आणि ए म्हणजे चित्र. यातला सगळ्यात मोठा माणूस इरिए चोहाची, जन्म १८१५, इझु द्वीपकल्पातलं मात्सुझाकी गाव. बाराव्या वर्षी गवंडीकाम शिकायला लागला आणि नंतर एदोला जाऊन चक्क कानो शैलीची (जपानमधली जुनी, दरबारी चित्रशैली) चित्रकला शिकला, गवंड्याने चित्रकाराकडे शिकायला जाणं ही तेव्हा काही रोजची गोष्ट नव्हती. त्याच्या गावी १९८४ मध्ये म्युझियम उघडलं, तिथे चित्रं बघायला हातात भिंग देतात. इतकं बारीक काम! उठाव जास्त हवा तिथे आधी खिळे, तार किंवा काथ्याचा सांगाडा, त्यावर जाडाभरडा माल आणि मग बारीक चुन्याचे पातळ पातळ थर. एकदम जाड थर दिला तर बाहेरून सुकतो, आत ओलाच राहतो आणि फुटतो. रंगांचंही तसंच, ओला चुना इतका अल्कलाइन असतो (पीएच १२ च्या वर) की वनस्पतींपासून काढलेले बरेच रंग त्यात मरतात, म्हणून काजळी, लोहयुक्त लाल माती असले चुन्यात टिकणारे रंगच चालतात. विषय ठरलेले: क्रौंच, कासव, पाण्याचा देव म्हणून आगीपासून राखणारा ड्रॅगन, आणि दाईकोकु, जो मुळात आपला महाकालच, बौद्ध धर्माबरोबर तिकडे जाऊन धनधान्याचा हसरा देव झालेला.

मला मात्र चित्रांपेक्षा काळी घोटीव भिंत जास्त भारी वाटते. चुन्यात काजळी मिसळायची, थर लावायचा आणि मग थांबायचं. पाणी निघून जातंय पण अजून पूर्ण गेलेलं नाही अशा वेळी पातळ थापीने दाबून दाबून घोटायचं, लवकर केलं तर थापीबरोबर माल उचलून येतो, उशीर झाला तर काही केल्या चमकत नाही. शेवटी उघड्या तळहाताने घासायचं. पॉलिश नाही, वार्निश नाही, तरी भिंतीत चेहरा दिसतो, कारण दाबून कण इतके घट्ट बसतात की पृष्ठभागावरचे उंचसखल भाग प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान होतात आणि प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ परत येतो. ही वेळ घड्याळ बघून ठरत नाही, त्या दिवशीची हवा, ऊन, भिंत कुठल्या दिशेला आहे यावर ठरते, आणि तेच शिकण्यात वर्षं जातात.

२०२० मध्ये युनेस्कोने जपानी लाकडी वास्तू जपण्याची जी कौशल्यं अमूर्त वारसा म्हणून यादीत घेतली त्यात हे गवंडीकामही आहे. पण साध्या घरांत आता जिप्सम बोर्ड आणि वर प्लास्टिकचा वॉलपेपर, कारण कुडाच्या भिंतीचा एकेक थर सुकायला जो वेळ लागतो तेवढं थांबणं बिल्डरला परवडत नाही.