शेवटी सगळं तपकिरीच का होतं?

वर्ग संपतो, दोरीवर वाळत घातलेले कागद उतरतात आणि दारात उभ्या असलेल्या पालकांच्या हाती पडतात. त्यातले निम्म्याहून अधिक तपकिरी असतात. चिखलात घसरून पडल्यावर कपड्यांना लागतो तसला तपकिरी; कागद ओला, सुरकुतलेला, मध्येच ब्रश घासून घासून भोक पडलेलं. बाबा तो एकदा सरळ धरतात, एकदा उलटा, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "वा! काय काढलंय हे?" अडीच वर्षांचा कलाकार तोवर चपला शोधण्यात गुंग.

दर शनिवारी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या हस्तकलेच्या वर्गात मी मदतीला असते. रंग पातळ करायचे, फरशी पुसायची आणि कुणी ब्रश चोखत नाही ना ते बघायचं, ही माझी मुख्य कामं. पहिले काही आठवडे मलाही त्या तपकिरी कागदांचं वाईट वाटायचं. आता नाही वाटत.

आधी रंगांचं बघू. रंग स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला काही भाग तो गिळतो आणि उरलेला परत पाठवतो. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो. लाल रंग निळ्यासोबत हिरवाही गिळतो. निळा रंग तांबड्या बाजूचा बराचसा प्रकाश खातो. तिन्ही एकात एक कालवले की प्रत्येक जण आपापला वाटा उचलतो आणि डोळ्यांपर्यंत पोचायला थोडासाच प्रकाश उरतो. मग चक्क काळंच का दिसत नाही? कारण खरे रंग गिळण्याच्या कामात तितकेसे चोख नसतात, प्रत्येकाकडून थोडा प्रकाश निसटतो. त्यात मुलांना आवडणारे लाल, पिवळा, नारिंगी हे सगळे तांबूस बाजूचे, त्यामुळे निसटलेल्या प्रकाशात त्याच बाजूचं पारडं जड असतं. मंद, अंधारलेला नारिंगी म्हणजेच तपकिरी. इंद्रधनुष्यात तपकिरी पट्टा सापडत नाही तो म्हणूनच.

पण मूल थांबत का नाही? मधल्या टप्प्यावर कागद छान दिसत असतो की!

एका शनिवारी अडीच वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिने आधी पिवळा फराटा मारला, मग त्याला आडवा निळा. दोघांची गाठ पडली तिथे हिरवं झालं. ती इतकी वाकली की नाक कागदाला टेकेल. त्याच जागेवर पुन्हा ब्रश फिरवला, हिरवं पसरलं. मग तिने पिवळ्याच्या वाटीत ब्रश बुडवला आणि वाटीतलं पिवळंही हिरवट झालं, त्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. त्या क्षणी कागद खरोखर देखणा होता आणि तो पटकन काढून घ्यायला माझा हात शिवशिवत होता. तिने लाल घेतला. पुढच्या दहा मिनिटांत सगळं तपकिरी. शेवटी ब्रश बाजूला ठेवून तिने तळवा कागदावर दाबला, उचलला, तळहात पाहिला, पुन्हा दाबला. मग उठून हात धुवायला गेली. कागदाकडे वळूनही पाहिलं नाही.

तिचं काम झालं होतं. ती चित्र काढत नव्हतीच, "असं केलं तर काय होतं" हे पाहत होती. चित्र कधी थांबवायचं हा प्रश्न चित्र काढणाऱ्याला पडतो. रंगाला रंग भिडवून पाहणाऱ्याला तो पडायचं कारण नाही.

या वयाच्या मुलांना नेमकं काय खेचून घेतं, याचा एक सुंदर प्रयोग जेम्स गिब्सन आणि पॅट्रिशिया योनास यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केला. सव्वा ते साधारण तीन वर्षांच्या मुलांना त्यांनी दोन प्रकारच्या लेखण्या दिल्या. एक नेहमीसारखी उमटणारी, दुसरी दिसायला तशीच पण कागदावर काहीच न उमटवणारी. मुलांना नुसता हात हलवण्यातच मजा येत असती, तर दोन्हींनी सारखंच गिरगटायला हवं होतं. पण न उमटणाऱ्या लेखणीने गिरगटणं खूपच कमी झालं. म्हणजे मुलाला धरून ठेवते ती उमटलेली खूण. मी हात हलवला आणि जगात काहीतरी मागे राहिलं, हा शोध वर्षा-सव्वा वर्षाच्या जिवासाठी लहान नाही. भिंतीवरच्या रेघोट्यांचं मूळही इथेच आहे, अर्थात भिंत तुमची असेल तर हे ऐकून फारसं समाधान व्हायचं नाही.

मग "काय काढलंय?" या प्रश्नाचं काय? फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आन्री ल्युके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांच्या चित्रांचा बारकाईने अभ्यास केला. मूल आधी गिरगटतं आणि मग त्या गुंत्यात त्याला अवचित एखादं साम्य सापडतं, हे त्यांनी नोंदवलं. "हा पक्षी!" हे नाव बहुतेकदा चित्र झाल्यावर सुचलेलं असतं, आणि पाच मिनिटांनी तोच पक्षी बस होतो. यात खोटेपणा काही नाही. दोन वर्षांच्या मुलाला हा प्रश्न विचारला की ते आपलं समाधान करायला काहीतरी उत्तर शोधतं, इतकंच.

तीन-चार वर्षांच्या मुलांची गोष्ट मात्र निराळी. पॉल ब्लूम आणि लोरी मार्कसन यांनी 1998 मध्ये या वयाच्या मुलांना एक फुगा आणि एक काडीवरचं गोल चॉकलेट काढायला सांगितलं. या वयातल्या हातातून दोन्ही सारखेच उमटतात : एक गोल, खाली एक रेघ. थोड्या वेळाने तीच चित्रं दाखवून विचारलं तेव्हा मुलांनी बहुधा बरोबर सांगितलं की हा फुगा आणि हे चॉकलेट. दिसण्यात फरक नव्हता. काढताना मनात काय होतं त्यावरून ती नाव देत होती. तेव्हा चार वर्षांचं मूल "हा फुगा नाहीये!" म्हणून चिडलं तर त्याचं बरोबर आणि आपलं चूक, असं समजून चालावं.

आता हाताकडे वळू, कारण या वर्गांत सर्वांत जास्त काम तिथेच चालू असतं. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर तिथे साधारणपणे एकही दिसत नाही, कारण ती सगळी अजून कूर्चेची असतात. पहिली दोन पहिल्या काही महिन्यांत कडक होऊ लागतात, मग एकेक करत बाकीची; शेवटच्याची पाळी यायला मूल शाळेत जाऊन काही वर्षं झालेली असतात. मज्जासंस्थेचं नियंत्रणही खांद्याकडून बोटांकडे सरकत जातं. म्हणून दीड वर्षाचं मूल खडू मुठीत पकडतं आणि रेघ खांद्यातून ओढतं. दोन-तीनच्या सुमारास बोटं खडूच्या दिशेने सरळ होतात, तळवा खाली वळतो. अंगठा आणि दोन बोटांची चिमूट यायला साधारण साडेतीन-चार वर्षं लागतात, आणि त्या चिमटीतली बोटं स्वतंत्रपणे हलायला आणखी वर्ष-दीड वर्ष.

यावरून साधनं कशी निवडायची ते आपोआप ठरतं. खांद्यातून रेघ येणार तर कागद मोठा हवा, जमिनीवर पसरलेला किंवा भिंतीला चिकटवलेला. वहीच्या पानावर "रेषेच्या आत रंगव" म्हणणं म्हणजे त्याच्याकडे अजून नसलेलं मनगट मागणं. मोडलेले खडू टाकू नयेत. पेरभर तुकडा मुठीत नीट धरता येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो, त्यामुळे पकड न शिकवता सुधारते. आमच्याकडे नवे खडू मुद्दाम मोडून ठेवतात, ते पाहून एक आजोबा फार हळहळले होते.

कात्री हे प्रकरण तर फारच गमतीचं. त्यात दोन हात एकाच वेळी दोन वेगळी कामं करतात : एक उघडमीट करतो, दुसरा कागद धरून फिरवतो. कागदाची अडचण अशी की तो लवतो आणि दोन पात्यांच्या मध्ये घडी होऊन अडकतो. म्हणून सुरुवात मळलेल्या पिठाच्या गोळ्याच्या लांब वळ्यांपासून करावी. वळी लवत नाही, आणि कच्चकन तुकडा पडल्याचं समाधान लगेच मिळतं. त्यानंतर जाड कागदाची बोटभर रुंदीची पट्टी द्यावी, एका कापात तुकडा पडेल अशी. रेघेवरून कापणं चौथ्या वर्षाच्या आसपास, गोल कापणं त्याहून पुढे.

त्या गोळ्याचा इतिहासही थोडा गंमतशीर आहे. प्ले-डो नावाने जगभर विकला जाणारा गोळा मुळात भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचं साधन होता. घरं कोळशावर तापवणं मागे पडलं, धुता येणारे भिंतीचे कागद आले आणि अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या त्या कारखान्याचं गिऱ्हाईक आटलं. के झुफाल या बालवाडीच्या शिक्षिकेने हा लगदा मुलांच्या हातात देऊन पाहिला, आणि 1956 मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला.

आठवड्यातून एकदा, तेही तासभरच, याने काय साधणार असं पुष्कळ जण विचारतात. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या संशोधिकेने बाळाच्या पायाला फीत बांधून ती पाळण्यावरच्या टांगत्या खेळण्याला जोडली. लाथ मारली की खेळणं हलतं, हे बाळ चटकन शिकतं. प्रश्न होता, हे लक्षात किती दिवस राहतं? दोन महिन्यांची बाळं एक-दोन दिवसांतच विसरत. पण तितकाच वेळ सलग 18 मिनिटं न देता सहा-सहा मिनिटांच्या तीन तुकड्यांत, मध्ये अंतर ठेवून दिला, तर त्याच वयाच्या बाळांना दोन आठवड्यांनीही ते आठवत होतं. कळ दाबून छोटी आगगाडी चालवण्याच्या अशाच प्रयोगात दीड वर्षाच्या मुलांची आठवण तीन महिन्यांच्या आसपास टिकली. तेव्हा सात दिवसांचं अंतर हे काही विस्मरणाचं संकट नाही. उलट, अंतराने पुन्हा भेटलेली गोष्ट जास्त पक्की बसते.

अट एकच, ती गोष्ट पुन्हा भेटली पाहिजे! आणि नेमकं इथेच बरेच वर्ग चुकतात. या शनिवारी कापसाची मेंढी, पुढच्या शनिवारी कागदी थाळीचा मासा, त्याच्या पुढे आणखी काही. मेंढीचा आकार आधीच कापलेला, कापूस कुठे लावायचा त्याच्या खुणा केलेल्या, वीस मुलांच्या वीस सारख्या मेंढ्या. घरी न्यायला छान. पण मुलाने त्यात काय केलं म्हणाल तर डिंकात बोट बुडवलं, आणि तेवढाच भाग त्याने मन लावून केलेला असतो. मला विचाराल तर चार-पाच साधनं वर्षभर तीच ठेवावीत : रंग, गोळा, कात्री, डिंक, खोकी. मुलांना आपल्याइतका कंटाळा येत नाही. गेल्या शनिवारी डिंक बोटाला चिकटला होता, आज कोपराला लावून पाहू, असे त्यांचे बेत आधीच ठरलेले असतात.

बक्षिसांबद्दलही सावध असलेलं बरं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा 1973 चा अभ्यास मानसशास्त्रात गाजलेला आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली 51 मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच साधनं नुसती मांडून ठेवली. बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. बोलीवर काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना डावी वाटली होती. आमच्याकडे पूर्वी वर्ग सुटताना हातावर चांदणीचा ठसा मारायचे. तो बंद केला तेव्हा पहिला आठवडा रडारड झाली, मग कुणाला आठवलाही नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले छोटे भाग तपासायला 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. मणी, बटणं, चिकटवायचे डोळे यांना हेच माप लावावं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर नकोतच, ते गिळल्यावर पोटात फुगतात आणि आतड्याची वाट अडवू शकतात. घरी गोळा मळायचा तर पीठ शिजवून घ्यावं. कच्च्या पिठात घातक जिवाणू असू शकतात, आणि गोळा तोंडात जाणार हे गृहीत धरावं. ज्या मुलाला हात बरबटलेले अजिबात चालत नाहीत त्याला आग्रह करू नये. रंग प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून द्यावा, ते वरून दाबत बसतं.

ती हिरवं पाहणारी मुलगी अजून येते. रोडा केलॉग या सॅन फ्रान्सिस्कोच्या बालशिक्षिकेने मुलांची सुमारे दहा लाख चित्रं जमवून गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार मांडले होते. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण ती यादी घेऊन वर्गात बसलं की ठिपके, आडव्या-उभ्या रेघा, नागमोडी, गुंडाळ्या असं सगळं खरंच समोर येत राहतं. या मुलीच्या कागदावर कित्येक आठवडे नुसत्या गुंडाळ्या होत्या. आता ती तीनच्या उंबरठ्यावर आहे. परवा तिने काळ्या खडूने एक रेघ वळवत आणली आणि जिथून सुरू केली तिथेच नेऊन टेकवली. गोल बंद झाला. तिचा हात थांबला. आत दोन ठिपके पडले, गोलाच्या खालून दोन लांब काठ्या निघाल्या. धड नाही, हात नाहीत, थेट डोक्यातून पाय. जगभरची मुलं पहिला माणूस असाच काढतात.

"ताई, बघ," ती म्हणाली. मी बघितलं. मग तिने पिवळ्याच्या वाटीत ब्रश बुडवला, त्यावर निळा, त्यावर लाल, आणि माणूस दिसेनासा झाला.