लॅटिनो किशोर, मानसिक आघात आणि अमेरिकेची बालन्याय व्यवस्था

मेक्सिको, मध्य अमेरिका, पोर्तो रिको इत्यादी प्रदेशांशी नाते असलेली जी मुले अमेरिकेत गुन्ह्याच्या आरोपावरून बाल न्यायालयापुढे येतात, त्यांना आधी सोसाव्या लागलेल्या हिंसेचा, ताटातुटीचा व त्यातून उद्भवणाऱ्या मनोविकारांचा हा विषय आहे. अनेक ठिकाणच्या जुन्या नोंदींत ही मुले ‘गोरी’ म्हणून मोजली गेली, त्यामुळे त्यांचे खरे प्रमाण झाकले गेले.

शिकागोच्या कुक परगण्यातील बालबंदीगृहात १९९५ ते १९९८ या काळात १,८२९ मुलामुलींच्या मुलाखती झाल्या. मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आणि मुलींपैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांत किमान एक मनोविकार आढळला. त्यांच्यातील एका गटात नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी आघात अनुभवला होता. आघातोत्तर तणाव विकृतीचे निदान मात्र सुमारे ११ टक्क्यांत झाले. म्हणजे केवळ हे निदान शोधणारी यंत्रणा बहुतेकांना निसटू देते.

बंदीगृहात दाखल होताच बहुधा ‘मेसी-२’ ही मानसिक त्रास हेरणारी प्रश्नावली चाळणी म्हणून लावतात. १२ ते १७ वयासाठी ‘हो-नाही’ स्वरूपाचे ५२ प्रश्न, सुमारे दहा मिनिटे. स्पॅनिश आवृत्तीही आहे. तिच्यातील खोच अशी, की आत्महत्येचे विचार, नैराश्य, व्यसन यांच्या गुणांना धोक्याची मर्यादा आहे, आघाताच्या गुणांना नाही. कर्मचाऱ्याने स्वतःहून पुढे विचारले नाही, तर तो आकडा फाइलीत पडून राहतो. शिवाय उत्तरे खरी येतीलच असे नाही. घरात कोणाकडे अमेरिकेत राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नसतील, तर मूल कुटुंबाविषयी गप्प बसते. दुभाषी म्हणून भावंडाला बसवले, तर घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार उघड होणे जवळजवळ अशक्य. सतत सावध राहणे, अंगाला हात लागताच उसळणे ही आघाताची लक्षणे पहारेकऱ्याला उद्धटपणा वाटतात. शिक्षा म्हणून एकांतकोठडी दिली की ती बळावतात.

आघातकेंद्री वर्तनोपचारात साधारण १२ ते १६ साप्ताहिक सत्रे असतात: आधी माहिती, श्वसन व भावनांवर ताबा, नंतर घडलेल्या प्रसंगाचे कथन आणि पालकांसोबतची सत्रे. बंदीगृहातील मुक्काम पुष्कळदा याहून खूप छोटा असतो. कथन अर्धवट सुटले, तर मूल अस्वस्थ अवस्थेतच बाहेर पडते. तेथे पहिला टप्पाच उरकणे शहाणपणाचे. पालकांना स्पॅनिशमध्ये, आणि ग्वाटेमालातील काही कुटुंबांना त्यांच्या माया कुळातील भाषेत, सामील करून घ्यावे लागते.

सुटकेनंतर उपचार तुटतात, कारण बंदिवासात मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, केंद्रीय निधी बहुतांशी थांबतो. १ जानेवारी २०२५ पासून, शिक्षा झालेल्या व मेडिकेडला पात्र अशा २१ वर्षांखालील मुलांची तपासणी सुटकेपूर्वीच्या ३० दिवसांत करणे व सुटकेनंतर किमान ३० दिवस पाठपुरावा ठेवणे राज्यांना बंधनकारक आहे. कागदपत्रे नसलेली मुले सहसा या पात्रतेतच बसत नाहीत; कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये त्यांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून उचलतात.